कंबर साडेपस्तीस : मापाच्या वहीतलं कोल्हापूर

खडूवाला (धागालेखक)

मंडळी, नमस्कार. मी शिंपी. महाद्वार रोडला लागून एका बोळात वडिलांपासूनचं दुकान आहे. लिहायची सवय नाही, मापं टिपायची आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात माळ्यावर पाणी गळलं म्हणून मापाच्या जुन्या वह्या खाली काढल्या. वाळत घातल्या आणि वाचत बसलो. एक गिऱ्हाईक आहे, त्यांना आपण मास्तर म्हणू. १९९८ साली लग्नाची पॅन्ट: कंबर २९, सीट ३६. २००६ ला कंबर ३२. २०१३ ला ३५. परवा दिवाळीची टाकून गेले ती ३८. लांबी तीच. एकट्या मास्तरांचं असतं तर हसून सोडलं असतं, पण पान उलटलं की पुढचा माणूस तसाच. २८ चा ३४ झालेला, ३० चा ३६. बारीक झालेलं गिऱ्हाईक शोधायला वही चाळावी लागते.

शाळेच्या गणवेशाचंही तेच. वडील एखाद्या पोराच्या नावापुढं 'जादा कापड' असं लिहायचे. वर्गात असा एखादाच. मी ते लिहायचं सोडून दिलंय, शाई कशाला घालवा.

एक डॉक्टर गिऱ्हाईक आहेत, त्यांना हे दाखवलं. म्हणाले, "पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर गेली की धोका, बाईची ८० च्या वर." आम्ही इंचवाले. टेपची मागची बाजू आयुष्यात बघितली नव्हती, ती उलटी करून बघितली. नव्वद म्हणजे साडेपस्तीसला सुताएवढं कमी. ऐंशी म्हणजे साडेएकतीस.

मला जरा बरं वाटलं. म्हटलं, आपल्या गिऱ्हाइकांत ३४ वाले पुष्कळ आहेत, ते सुटले. मग डोक्यात आलं, की अरे, आपण माप घेतो कुठं? गडी पॅन्ट घालतो पोटाच्या खाली. पोट बेल्टवरनं पुढं आलेलं असतं आणि आम्ही टेप फिरवतो त्याच्या खालनं, हाडावरनं. मास्तरांना परत बोलावलं, उभं केलं आणि बेंबीवरनं टेप घेतली. ४२ भरली. वहीत ३८ आणि अंगावर ४२! म्हणजे गेली पंचवीस वर्षं मी लिहिलेला आकडा खोटाच होता, आणि तो खोटा असून इतका वाढलाय.

तर विचारायचंय एवढंच: हे आपल्याच गावात आहे का सगळीकडं? आणि कशानं?

रश्श्याचा_भक्त

नाद खुळा धागा! पण शेवटी मिसळ बंद करा म्हणणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी वाचायचं थांबतो.

जयंती_नाल्यापलीकडे

+१. वाचतोय.

ओपीडी_नंबर_चार

खडूवाले दादा, तुम्ही बेंबीवरनं टेप फिरवलीत ना, तिथं आमच्या डॉक्टरी पेशातली निम्मी चर्चा येऊन थांबते.

आधी आकडे देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी असते, तिच्यात २००५-०६ साली वजन जास्त असलेल्या स्त्रिया १२.६ टक्के होत्या आणि पुरुष ९.३. २०१९-२१ च्या फेरीत स्त्रिया २४ टक्के, पुरुष २२.९. पंधरा वर्षांत बायकांत जवळजवळ दुप्पट, गड्यांत दुपटीच्याही वर. आणि हे बीएमआय २५ च्या पुढचेच मोजून. वजन किलोत घ्यायचं, उंचीच्या मीटरमधल्या वर्गानं भागायचं, की बीएमआय येतो.

आता गंमत बघा. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, देशव्यापी मधुमेह अभ्यास २०२३ ला प्रसिद्ध झाला. त्यात अंगानं लठ्ठ निघाले २८.६ टक्के आणि पोट सुटलेले ३९.५ टक्के. वजनकाट्यावर पास आणि टेपवर नापास अशी बरीच माणसं या देशात आहेत. हातपाय काटकुळे, मध्ये गाडगं.

युरोपातल्या माणसाला २५ पर्यंत ठीक म्हणतात, आपल्याला ती सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकांसाठी सावध व्हायची रेघ २३ वर आणली. २००९ ला भारतीय डॉक्टरांनी ठरवलं की २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठ. कारण त्याच वजनात आपल्या अंगात स्नायू कमी, चरबी जास्त असते, आणि तीही आतड्यांभोवती, यकृतावर बसते. ही आतली चरबी इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. साखर वाढते ती तिथनं.

याचा सगळ्यात गाजलेला पुरावा आपल्या शेजारचाच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. सारख्याच बीएमआयची दोन माणसं, पण आपल्या माणसाच्या अंगात दुपटीहून जास्त लोणी.

आणि हे जन्मापासून. याज्ञिकांच्या गटानं १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं लहान, पोटाचा घेर कमी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. आईला पोटभर मिळालं नाही की बाळ सगळ्यात काटकसर करतं, चरबी तेवढी सोडत नाही. अशा शरीराला पुढं भरपूर खायला मिळालं आणि काम सुटलं, की मास्तरांची ४२ होते.

रश्श्याचा_भक्त

म्हणजे दोष आजीच्या उपासमारीचा आणि शिक्षा आमच्या मिसळीला?

ओपीडी_नंबर_चार

मिसळीला मी हात लावलेला नाही अजून. तुम्हीच सारखे पुढं ढकलताय तिला.

लालमाती

मी तालमीतला. आत्ता वय ५१. कोल्हापुरात या विषयावर बोलायचं आणि खुराकाचं नाव घ्यायचं नाही, हे कसं चालंल?

शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, देशभरातनं मल्ल इथं आले. घरात एक तरी पोरगं तालमीला पाहिजे ही आमच्या पेठेतली रीत. पहाटे चारला उठायचं, हौदा उकरायचा, जोर, बैठका, मग लढत. घामानं माती अंगाला चिकटायची. त्याच्यानंतर खुराक: थंडाई, तूप, दूध, मटण. वस्ताद म्हणायचे, "आधी जिरवायचं बघा, मग खायचं बघा."

सत्ताविसाव्या वर्षी माझा गुडघा गेला. लंगोट खुंटीला लागला. पण दुधाची किटली काय थांबली नाही. आईचं म्हणणं, पैलवानाचं पोरगं वाळलं तर पेठेत तोंड कसं दाखवू. म्हशीचं दोन लिटर दूध रोज. म्हशीच्या एका लिटरात हजाराच्या वर कॅलरी असतात, हे मला चाळिशीत कळलं, तेही साखर निघाल्यावर. तालीम सुटली आणि दीड वर्षात ८४ चा १०६ झालो. लोक म्हणायचे, "काय तब्येत केलीय!" एकानंही म्हटलं नाही की गड्या, पोट सुटलंय.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर अजून म्हैस समोर उभी करून धार काढतात. फेसाचा पेला उभ्या उभ्या प्यायचा. मी अजून जातो, खोटं कशाला बोलू. पण तिथं आता चारचाकीतनं उतरून पेला मारून परत चारचाकीत बसणारी माणसं बघितली की मला वस्ताद आठवतात. खुराक सगळ्यांनी घेतला, मेहनत कुणी घेतली नाही.

वाळलास_की

लालमातीकाका, एकदम खरं. आपल्याकडं भेटल्यावर पहिला प्रश्नच "काय रं, वाळलास की!" हा शब्द आजारपणाचा, कर्जाचा, बायको नीट जेवायला घालत नसल्याचा. जाड माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा. मी मुद्दाम सहा किलो उतरवले तर मामी देवळात नारळ ठेवून आली.

शिवाजी_पेठ_ते_सिंगापूर

खडूवाले, सगळीकडंच आहे का विचारलंत म्हणून लिहितो. मी इथं अकरा वर्षं आहे.

पूल ओलांडला की मलेशिया. तिथल्या २०२३ च्या सरकारी पाहणीत निम्म्याहून जास्त, ५४.४ टक्के प्रौढ जास्त वजनाचे किंवा लठ्ठ. रात्री दोन वाजताही नारळाच्या दुधातला भात आणि वर आटवलेल्या दुधाचा गोड चहा मिळतो, नवल काय. चीननंही २०२० च्या अहवालात निम्म्याहून जास्त प्रौढांचं वजन वाढल्याचं मान्य केलं. म्हणजे एका पिढीमागं जिथं माणसं भाताला महाग होती, तिथं आता हे.

सिंगापूरनं एक मोठी चूक केली होती, ती सांगायला पाहिजे. १९९२ साली शाळांतनं एक योजना आणली. जाड पोरं वेगळी काढायची, मधल्या सुट्टीत बाकीची पोरं खेळत असताना ह्यांना पळवायचं. योजनेचं इंग्रजी लघुनाव होतं 'टीएएफ'. पोरांनी ते उलटं वाचलं, 'फॅट'. आकडे थोडे उतरले, पण पोरं इतकी कोमेजली की २००७ ला योजना बंद करावी लागली. माझ्या ऑफिसातली एक बाई त्यातनं गेलेली आहे. पंचेचाळिशीच्या घरात असेल, अजून चारचौघांत जेवत नाही, डबा जागेवर खाते.

आता पेयांवर ए ते डी अशी श्रेणी छापतात. बाटलीबंदला २०२२ च्या शेवटी सुरू झाली, दुकानात करून देतात त्या पेयांना वर्षभरानं. डी म्हणजे साखरेचा गोळा, त्याची जाहिरातच करायची नाही. कॉफीवाल्याला 'सियू दाई' म्हटलं की कमी साखर, 'कोसोंग' म्हटलं की बिनसाखर, आणि तो मान वर करून बघतही नाही.

सुट्टीला गावात आलो की टपरीवर म्हणतो, बिनसाखरेचा दे. अख्खी टपरी वळून बघते. "शुगर झाली काय?"

सात_बारा

शिरोळ तालुक्यातनं. आमच्या उसाचीच साखर घालून आम्हालाच विचारतात शुगर झाली काय. 😀

वडील बांधावरनं चालत रानात जायचे, मी मोटरसायकलनं जातो. मोटार मोबाइलवरनं चालू होते, पाणी पाजायला रात्रीचं उठायला नको. ऊस तोडायला टोळी येते, एखाद्या वर्षी मशीन. शेतकऱ्याला कसलं पोट असं म्हणणाऱ्यानं आमच्या सोसायटीच्या सभेला येऊन पहिली रांग बघावी.

फोडणी_कमी

सगळे गडी गड्यांचंच बोलालेत. आता मी लिहितो. (पुण्याच्या मंडळींसाठी: कोल्हापूरच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात. दुरुस्ती सुचवू नये.)

खडूवाले दादा, तुमच्या वहीत गड्यांच्या कंबरेचा हिशोब तरी आहे. आमचा कुठं आहे? परकराला नाडी. नाडीला माप नसतं. पंचवीस वर्षांत ती दोन वीत पुढं सरकली तरी परकर काही बोलत नाही. साडी पाच मीटरची, ती कुणालाही बसते. ब्लाउजला तुम्ही आत शिवण सोडता, ती दर दिवाळीला उसवायची. आणि आता तर इलास्टिकच्या लेगिंग, घरात गाऊन. लॉकडाऊनमध्ये दीड वर्ष गाऊनवर काढलं, बाहेर पडायच्या दिवशी एक ड्रेस वर चढला नाही, तेव्हा कळलं.

घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात दोन घास भात, एक भाकरी, वाटीभर रस्सा उरतो. टाकवत नाही. फ्रिजमध्ये ठेवण्याएवढा नसतो. तो कुणाच्या पोटात जातो हे तुम्ही आपापल्या घरात बघा. मी वर्षानुवर्षं दोन वेळा जेवतो: एकदा ताट वाढून, एकदा पातेलं धरून.

चहाचं मी एकदा मोजलं. सकाळी एक, डब्यांची गडबड संपल्यावर एक, कामवाल्या मावशींबरोबर एक, दुपारी, संध्याकाळी, आणि कोण आलं तर. सहा कप, प्रत्येकी दोन चमचे. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर साठ ग्रॅम. आणि सोबत खारी, टोस्ट, बटर, ते वेगळं. मिसळ मी महिन्यातनं एकदा खातो, आणि मिसळीच्या कटाला शिव्या देणारे माझ्या चहाबद्दल कधी बोलत नाहीत.

ओपीडी_नंबर_चार

ताई, साठ ग्रॅम म्हणजे फार आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला रोज साधारण पन्नासच्या आत, आणि जमल्यास पंचवीस. तुमचा नुसता चहाच पन्नासच्या पुढं गेला. तुम्ही हिशोब मांडलात हे भारी. माझ्यापुढं बसलेले शंभरातले नव्वद म्हणतात, "गोड आम्ही खातच नाही."

रश्श्याचा_भक्त

ऐकलं का! मिसळ महिन्यातनं एकदा. निर्दोष सुटका.

ओपीडी_नंबर_चार

महिन्यातनं एकदा सुटका. तुमचं आठवड्यातनं किती वेळा?

रश्श्याचा_भक्त

डॉक्टर, हा धागा खडूवाल्यांचा आहे.

लालमाती

अरे चारदा खातो तो. कट तीनदा मागून घेतो, ब्रेडचे सहा स्लाइस. मी शेजारच्या बाकड्यावर असतो.

मेट्रोत_उभा

जपानचं कुणीच लिहिलं नाही. मी ओसाकात राहतो. इथं ४० ते ७४ वयाच्या लोकांची २००८ पासून दरवर्षी तपासणी होते आणि त्यात कंबर मोजतात. पुरुषाला ८५ सेंटीमीटरची मर्यादा, बाईला ९०. जास्त भरली आणि सोबत रक्तदाब, साखर असलं काही निघालं, की सल्लागार मागं लागतो. दंड माणसाला नाही. लोक तपासणीला आणि सल्ल्याला आलेच नाहीत तर आरोग्यविमा चालवणाऱ्या संस्थेला तोशीस पडते, म्हणून ती कंपनीमार्फत पाठपुरावा करते.

नुसत्या टेपनं हा देश बारीक राहिला असं मात्र समजू नका. शाळेतल्या जेवणाचा कायदा १९५४ चा आहे. पोरं वर्गात स्वतः वाढतात, सगळ्यांना तेच, घरचा डबा नाही. आणि मी स्वतः इथं रोज आठ हजार पावलं चालतो, ते काही व्यायाम म्हणून नव्हे. घर ते स्टेशन, स्टेशन ते ऑफिस, जिने. राजारामपुरीत असताना कोपऱ्यावरनं दूध आणायलासुद्धा गाडी काढायचो.

खडूवाला

अहो, तिथं बाईची मर्यादा गड्यापेक्षा मोठी? आपल्याकडं तर उलटं आहे.

ओपीडी_नंबर_चार

बरोबर पकडलंत. जपान्यांनी सीटी स्कॅन काढून पोटातल्या चरबीचं क्षेत्रफळ मोजलं आणि ते शंभर चौरस सेंटीमीटर होतं तेव्हा कंबर किती, हे बघून आकडे ठरवले. बायकांची चरबी बरीचशी कातडीखाली असते, म्हणून त्यांचा आकडा मोठा आला. त्यावरनं त्यांच्यातच वाद आहेत. आणि एक, ते माप घेतात बेंबीवरच. तुमच्यासारखं.

खडूवाला

म्हणजे जपान सरकारनं आमचा धंदा हातात घेतला म्हणायचा.

डबा_क्रमांक_७

मी शाळेत शिकवते. गणवेशाचा विषय निघाला म्हणून लिहिते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम आहेत: जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. मी एकदा दुपारी पावलं टाकून बघितली. आमच्या फाटकापासून वेफर्सची पाकिटं टांगलेली पहिली दोरी अकरा पावलांवर आहे. विकणारी बाई माझ्या वर्गातल्या एका पोराची आई. तिला मी नियम वाचून दाखवावा का, हे मला दोन महिने ठरवता आलेलं नाही.

आणि सिंगापूरच्या दादांनी लिहिलेलं वाचून पोटात खड्डा पडला. आमच्याकडं योजना नाही, पण 'ढोल्या' ही हाक आहे, आणि ती कधीकधी खेळाच्या तासाला मोठ्यांच्या तोंडूनही ऐकू येते. तो पोरगा मग खेळायचंच टाळतो. पोट दुखतंय म्हणून बाकावर बसून राहतो.

वाळलास_की

रंकाळ्यावर सकाळी गर्दी दिसते की पण चालणाऱ्यांची. तेवढं तरी बरं.

फोडणी_कमी

चालून झाल्यावर ती गर्दी कुठं वळते तेही बघा. पोह्याच्या गाडीवर आमचा अख्खा ग्रुप असतो.

खडूवाला

सगळ्यांचे आभार. एक सांगायचं राहिलं होतं, ते लिहितो आणि थांबतो. उद्या लग्नाचे चार सफारी द्यायचेत.

आमच्याकडं पॅन्ट सोडायचं, म्हणजे कंबरेत ढिली करायचं, काम रोज येतं. शिवताना मागच्या शिवणीत दोन इंच कापड आत ठेवतो, वडिलांपासूनची पद्धत. आत घ्यायचं काम मात्र क्वचित. गेल्या वर्षभरात मला आठवतात अशी तीन गिऱ्हाइकं. पहिला पोरगा, लग्न ठरलं होतं, मेहनत करून उतरला. दुसऱ्यांनी वजन उतरवायची ती आठवड्याला एक घ्यायची इंजेक्शनं घेतली, २०२५ पासून आपल्याकडं आलीत ती. पाच इंच आत घ्यायची होती. दोन इंचांपर्यंत ठीक असतं, त्याच्यापुढं घेतली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना येऊन भेटतात, पॅन्ट विचित्र दिसते. त्यांना म्हटलं, नवीनच शिवा.

तिसरे होते आमच्याच बोळातले. पॅन्ट ढिली झाली म्हणून आले, चेहऱ्यावर आनंद. मीही म्हटलं, "वा, काय उतरलाय! काय केलंत?" म्हणाले, "काहीच नाही, आपोआप." तीन इंच आत घेतली. पैसे देताना घटाघटा दोन तांबे पाणी प्यायले, मला वाटलं ऊन आहे. दोन महिन्यांनी कळलं, साखर साडेचारशे निघाली, ॲडमिट केलंय.

तेव्हापासून कुणी आपोआप बारीक झालं म्हणालं तर मी टेप खाली ठेवतो आणि आधी रक्त तपासून या म्हणतो.

ओपीडी_नंबर_चार

दादा, हे फार मोलाचं लिहिलंत. खूप तहान, सारखी लघवी आणि खाऊनही उतरणारं वजन, म्हणजे वाढलेली साखर असू शकते. आणि इंजेक्शनवाल्यांना सांगा, चरबीबरोबर स्नायूही उतरतात, तेव्हा जोर-बैठका सोडायच्या नाहीत. लालमातीकाकांना विचारून घ्या.

लालमाती

पाठवा तालमीत. फी नाही, फक्त वेळेवर या.

रश्श्याचा_भक्त

खडूवाले, उद्या दुकान किती वाजता उघडता? बेंबीवरनं एकदा मोजून घेतो म्हणतोय. वहीत लिहू नका.

खडूवाला

दहाला. नाश्त्याआधी या.